घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडीचा मॅन्युअल मोड वापरावा का?

घाटमाथा

नमस्कार. गेल्या दिवाळीत आमच्या घरी पाच गियरची, पेट्रोलवर चालणारी एएमटी, म्हणजे गियर आपोआप बदलणारी गाडी आली. त्याआधी मी कायम साध्या गियरची गाडी चालवत आलो आहे. मी बेळगावला राहतो आणि आईवडील सावंतवाडीला असतात, त्यामुळे आंबोली घाटातून वरचेवर जाणे-येणे होते. शहरात आणि सपाट रस्त्यावर या गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. डाव्या पायाला विश्रांती मिळाली आणि बाजारपेठेतल्या गर्दीचा त्रास पुष्कळच कमी झाला.

अडचण येते ती घाट उतरताना. गाडी D मध्ये, म्हणजे गियर आपोआप बदलण्याच्या स्थितीत असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की थोड्याच वेळात ती आपणहून तिसऱ्यावरून चौथा गियर घेते आणि मोकळी सुटल्यासारखी वेग घेऊ लागते. मग वळणाआधी ब्रेक, वळण संपले की पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असे खालपर्यंत चालते. मागच्या वेळी दाणोलीच्या अलीकडे चहासाठी थांबलो, तेव्हा पुढच्या चाकांपाशी जळका वास येत होता. साध्या गियरच्या गाडीत हाच घाट मी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरत असे आणि ब्रेकला फारसे काम पडत नसे. ज्या गियरमध्ये घाट चढलास त्याच गियरमध्ये उतर, हा बाबांचा नियम मी आजवर पाळत आलो आहे.

गाडी घेतली त्या शोरूममध्ये विचारले, तर M, म्हणजे मॅन्युअल मोड, हा वेगाने चालवणाऱ्यांसाठी आहे, नेहमी वापरलात तर गियरबॉक्स लवकर जाईल, D मध्येच ठेवा, असे उत्तर मिळाले. हे मनाला पटत नाही. माहीतगारांनी कृपया सांगावे की M वापरल्याने खरोखर नुकसान होते का, चालत्या गाडीत D वरून M वर जाता येते का, उतारावर कोणता गियर धरावा आणि तो नेमका कधी घ्यावा. चढावर आणि शहरातही M चा काही उपयोग असेल, तर तेही वाचायला आवडेल.

तेलपाणी

गाड्यांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. सर्वात आधी तुमच्या मनातली शंका दूर करतो: घाट उतरताना M वापरल्याने गियरबॉक्स खराब होत नाही. उलट, हा मोड गाडीत दिला आहे त्याचे सर्वात मोठे कारण माझ्या मते घाट हेच आहे.

एएमटी म्हणजे आतून साधा, नेहमीचा गियरबॉक्स आणि नेहमीची एकच कोरडी क्लच प्लेट. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गियर टाकण्याचे काम तुमच्या हातापायांऐवजी संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा प्रकार सर्वसामान्यांच्या गाडीत आला आणि स्वस्त असल्यामुळे झपाट्याने पसरला. तुम्ही M मध्ये गियर बदला किंवा संगणकाला D मध्ये बदलू द्या, आतले काटे, सिंक्रोनायझर आणि क्लच तेच आणि त्यांची हालचालही तीच. बदलतो तो फक्त निर्णय घेणारा.

आता D मध्ये गाडी उतारावर वरचा गियर का घेते, ते पाहू. संगणकाला गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तुमचा पाय एक्सलरेटरवर किती आहे, एवढे प्रामुख्याने कळते. पाय पूर्ण उचललात, याचा अर्थ चालकाला आता ताकद नको आहे, असा तो घेतो आणि पेट्रोल वाचवण्यासाठी फेरे कमी करायला वरचा गियर टाकतो. काही गाड्यांमध्ये उतार ओळखून खालचा गियर धरून ठेवण्याची सोय असते, पण पन्नास मीटरवर आडवे वळण आहे आणि त्यातून एसटी वर येते आहे, हे तिलाही दिसत नाही. ते तुम्हाला दिसते, म्हणून तिथे निर्णय तुमच्या हाती हवा.

कृती अशी करावी. उतार सुरू होण्याआधीच्या सरळ पट्ट्यावर वेग तीस-पस्तीसवर आणावा, एक्सलरेटरवरून पाय काढावा आणि लिव्हर D वरून M कडे सरकवावी. हे चालत्या गाडीत बिनधास्त करता येते. थांबायची गरज नाही आणि ब्रेक दाबून धरण्याचीही नाही. त्या क्षणी जो गियर असेल तोच कायम राहतो आणि समोरच्या पडद्यावर D3 च्या जागी M3 असे काहीसे दिसू लागते. मग लिव्हरला उणे चिन्हाच्या दिशेने एकदा टिचकी द्यावी, की दुसरा गियर पडतो. अधिक आणि उणे यांच्या दिशा सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारख्या नसतात, तेव्हा आपल्या लिव्हरजवळची खूण आधी नीट पाहून ठेवावी. दुसरा गियर पडताच फेऱ्यांचा काटा दीड हजारावरून अडीच हजाराच्या आसपास चढतो, इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी आवरते. हा आवाज ऐकून पुष्कळ जण घाबरतात. लाल पट्टीच्या पुष्कळ अलीकडे असलेले हे फेरे इंजिनाला कसलाही त्रास देत नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. एएमटीमध्ये गियर बदलत असताना क्लच क्षणभर सुटलेला असतो, आणि तेवढ्या वेळात गाडीला इंजिनाची पकड अजिबात नसते. सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही, पण तीव्र उतारावर तेवढ्यात वेग वाढतो. म्हणून गियर वळणात शिरण्याआधी, सरळ रस्त्यावर घ्यावा, वळणाच्या मध्यात नव्हे. वेग फार असताना खालचा गियर मागितलात, तर संगणक ती आज्ञा मानतच नाही; आधी ब्रेकने वेग कमी करावा आणि मग गियर मागावा.

कोणता गियर, याचे उत्तर तुमच्या बाबांनी आधीच दिले आहे. एवढीच भर घालतो: सरळ उतारावरही सारखा ब्रेक लावावा लागत असेल तर एक गियर खाली घ्या, आणि उतरताना गाडी इतकी अडत असेल की एक्सलरेटर द्यावा लागतो आहे, तर एक गियर वर घ्या. आंबोलीत पाच गियरच्या लहान गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा आणि मोकळ्या पट्ट्यांवर तिसरा पुरतो. पहिला गियर अगदी रांगणाऱ्या रांगेत किंवा खूपच तीव्र उतारावर लागतो.

मध्यमगती

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. तो जळका वास गांभीर्याने का घ्यावा, हे थोड्या आकड्यांनी मांडतो.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि सावंतवाडीपर्यंत आपण ढोबळमानाने ६०० मीटर खाली येतो. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,२०० किलो मानले, तर या उतरणीत सुमारे ७० लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने २२ लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापते. तिच्यातला काही वाटा टायर आणि हवेचा विरोध खातात. उरलेली सगळी एक तर इंजिनाने घ्यायची किंवा चार चाकांच्या ब्रेकनी. लहान गाड्यांमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात आणि ब्रेकचे बहुतांश काम पुढच्या डिस्कवर पडते. तुम्हाला वास पुढच्या चाकांपाशी आला, याचे कारण हेच.

पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. याहून वाईट प्रकार ब्रेक ऑइलचा. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर ग्राह्य धरलेले किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येतात. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलून घेणे, हा मला अनावश्यक खर्च वाटत नाही. गाडी नवीन असल्यामुळे तुमचे ऑइल चांगलेच असेल, पण आईवडिलांच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिचे नक्की तपासावे.

याउलट, गाडी गियरमध्ये ठेवून एक्सलरेटर सोडला की चाके इंजिनाला फिरवतात. पेट्रोल इंजिनात हवेची झडप बंद असते, त्यामुळे पिस्टनला जवळजवळ बंद नळीतून हवा ओढावी लागते आणि त्यात आणि आतल्या घर्षणात ही ऊर्जा खर्च होते. हजार-बाराशेच्या वर फेरे असताना आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या या अवस्थेत पेट्रोल पूर्ण बंद करतात. म्हणजे दुसऱ्या गियरमध्ये इंजिन गुरगुरत उतरते तेव्हा ते पेट्रोल पीत नसते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल घेतच राहते. तरीही इंधन वाचते या समजुतीने लोक उतारावर न्यूट्रल मारतात, याचे मला फार वाईट वाटते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जे भीषण अपघात होत आले आहेत, त्यांत न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड गाड्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. ऑटोमॅटिक गाडीतही N हा चालत्या गाडीसाठी नाही, हे घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवावे.

किनारपट्टी

धागा एएमटीबद्दल असला तरी वाचणाऱ्यांकडे इतर प्रकारच्या गाड्याही असतील, म्हणून थोडी भर घालते. आमच्या घरी सीव्हीटी आहे आणि माझ्या भावाकडे टॉर्क कन्व्हर्टरची डिझेल गाडी आहे. दोन्ही मी घाटात चालवते.

सीव्हीटीत मुळात गियरच नसतात. दोन पुलींमधून पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी बदलून प्रमाण बदलते. तरीही पुष्कळ गाड्यांत स्टीअरिंगमागे पॅडल देऊन ठरावीक टप्पे केलेले असतात. होंडा सिटीत असे सात टप्पे आहेत. डावे पॅडल दाबून टप्पा उतरवला की इंजिनाचा रोध मिळतो आणि तो एएमटीपेक्षा अलगद येतो, मध्ये पकड सुटत नाही. पॅडल नसलेल्या गाडीत लिव्हरवर L (लो) किंवा S (स्पोर्ट) असेल, तर तीव्र उतारावर तो वापरावा. D मध्ये असताना पॅडल दाबले तर काही गाड्या थोड्या वेळाने आपणहून पुन्हा स्वयंचलित होतात, म्हणून लांब उतारावर लिव्हर S किंवा M मध्ये टाकूनच पॅडल वापरलेले बरे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत खालचा गियर घेणे सर्वात निर्धास्त आहे, कारण तिथे ताकद तेलाच्या माध्यमातून जाते आणि इंजिन आणि गियरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच जुळला की इंजिनाचा रोध थेट चाकांना मिळतो. लिव्हर हलवून गियर बदलण्याची ही सोय पोर्शने १९९० च्या ९११ मध्ये टिपट्रॉनिक या नावाने दिली, ती अशाच गियरबॉक्सवर होती. डिझेल इंजिनाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप त्या अर्थाने काम करत नाही, त्यामुळे पाय काढल्यावर मिळणारा रोध अनेकांना वाटतो तितका मोठा नसतो. गाडी जड असेल तर एक गियर आणखी खाली घेण्याची तयारी ठेवावी.

विजेवरच्या गाडीत हेच काम मोटर जनित्रासारखी चालून करते आणि बॅटरीत वीज भरते. मात्र वर महाबळेश्वरला किंवा आंबोलीला बॅटरी शंभर टक्के भरून निघालात, तर नवी वीज ठेवायला जागाच नसते आणि हा रोध खूप कमी होतो. म्हणून अशा गाडीवाल्यांनी घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरू नये.

रोजचा प्रवासी

सर्वांनी उत्तम लिहिले आहे. मला दोन गोष्टींत थोडा वेगळा सूर लावायचा आहे, कारण या प्रतिसादांवरून नवा चालक सगळीकडेच M वापरू लागेल, अशी भीती वाटते.

इंजिनाच्या रोधाने गाडी मंदावते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. धुक्यात आणि पावसात, म्हणजे आंबोलीत जवळजवळ चार महिने, मागच्या चालकाला तुम्ही वेग कमी केल्याचे उशिरा कळते. म्हणून गियर खाली घेताना ब्रेक पेडलला हलका स्पर्श करून दिवे लावावेत. दुसरे असे की ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यावर एकदम दोन गियर खाली घेतले तर पुढच्या चाकांना झटका बसून ती घसरू शकतात. एकेक गियर उतरावे आणि स्टीअरिंग सरळ असताना उतरावे. पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवण्यापेक्षा वळणाआधी ठामपणे ब्रेक दाबून वेग हवा त्याहून थोडा कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. मधल्या काळात डिस्कला वारा लागतो.

शहरात M वापरण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. इंधनाच्या बाबतीत संगणक आपल्यापेक्षा काटेकोर असतो. चढावरही बहुतेक वेळा D पुरतो, कारण तिथे एक्सलरेटर दाबलेला असतो आणि गाडीला तुमची गरज कळते. अपवाद दोनच. लागोपाठच्या वळणांवर गाडी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा असे घुटमळत असेल, तर M मध्ये दुसरा धरून ठेवावा. आणि दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकायचे असेल, तर ऐन वेळी एक्सलरेटर तळाला दाबून गाडी गियर शोधेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा, समोरचा रस्ता मोकळा दिसताच आधी एक गियर खाली घेऊन मग बाहेर पडावे. एएमटीत गियर बदलताना ताकद तुटते; तो क्षण ट्रकच्या बाजूने जाताना येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप करायचा. समोरून गाडी येत असेल तर हा विचारही करू नये.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी सांगितल्याप्रमाणे घाट सुरू होण्याआधीच M घेतला आणि बहुतेक उतार दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. ब्रेक केवळ वळणांआधी आणि वर येणाऱ्या एसटीला वाट देण्यासाठी लागला. दाणोलीला मुद्दाम थांबून पाहिले. वास अजिबात नव्हता. बाबा शेजारी बसले होते आणि त्यांना गाडी पहिल्यांदाच आवडली.

आता आणखी दोन शंका आहेत. एका मोकळ्या उतारावर फेरे खूप वाढल्यावर M मध्ये असूनही गाडीने स्वतःच तिसरा गियर घेतला. हे योग्य आहे का? आणि परतताना धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्यांमुळे चढावर रांग लागली होती. तिथे गाडी एक्सलरेटरवर तोलून पुढे सरकवत राहिलो, तर क्लचला काही होते का?

तेलपाणी

पहिले वागणे योग्यच आहे. फेरे धोक्याच्या पातळीला पोहोचले की इंजिन वाचवण्यासाठी पुष्कळ गाड्या M मध्येही आपणहून वरचा गियर घेतात, तसेच वेग फार कमी झाला की बंद पडू नये म्हणून खालचाही घेतात. पण उतारावर असे व्हावे, याचा अर्थ तिथे ब्रेक आधीच लावायला हवा होता. M मध्ये गियर पक्का बांधला गेला आहे, असे समजून पाय मोकळा सोडू नये. काटा चार हजारांकडे सरकू लागला की ब्रेकने वेग उतरवावा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे, कारण एएमटीचे क्लच खरे जळतात ते चढावरच्या अशा रांगेत. एक्सलरेटरवर गाडी तोलणे म्हणजे साध्या गाडीत हाफ क्लचवर उभे राहणेच. फक्त इथे पाय तुमचा नसल्यामुळे ते जाणवत नाही. M मध्ये पहिला गियर धरला तरी यात फरक पडत नाही. दोन क्लचच्या, विशेषतः कोरड्या क्लचच्या डीसीटी गाड्यांनाही हाच नियम लागू आहे. त्या पडद्यावर गियरबॉक्स तापल्याची सूचना तरी देतात. अशा वेळी हँडब्रेक ओढून ब्रेकवर थांबावे, पुढे गाडीभर किंवा जास्त जागा झाल्यावर एक्सलरेटर देत हँडब्रेक सोडावा आणि ते अंतर एका दमात संपवावे. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्यावा. रांग बराच वेळ हलत नसेल तर N मध्ये टाकून हँडब्रेकवर उभे राहावे.

तुमच्या सावंतवाडीच्या घराचे अंगण उतरते असेल, तर हेही पाहून ठेवा. तुमच्या गाडीच्या लिव्हरवर P (पार्किंग) नसेल. बहुतेक एएमटी गाड्यांना तो नसतो. उभी करताना ब्रेक दाबून धरावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला गियर आणि उताराकडे असेल तर R (रिव्हर्स) टाकावा, पडद्यावर तो गियर दिसल्याची खात्री करावी, मग इंजिन बंद करून शेवटी ब्रेकवरचा पाय काढावा. N मध्ये इंजिन बंद केले, तर गाडी केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी राहते.